लंडन पायी कसं बघायचं? शिकायला येणाऱ्यांसाठी जरा सविस्तर

तू विचारलंयस की सप्टेंबरमध्ये नाशिकहून लंडनला मास्टर्सला चाललेय, कॉलेज ब्लूम्सबरीत, रूम स्ट्रॅटफर्डला, क्लासेस आठवड्यातून तीनच दिवस, हातात पैसे मोजके, तर पायी फिरून लंडन बघता येईल का, एकट्या मुलीला कितपत जमेल आणि सुरुवात कुठून करू. ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच सांगते. मी २००९ ला अशीच शिकायला आले आणि इथलीच झाले, गेली बरीच वर्षं दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवीन आलेल्या आपल्या मुलामुलींना रविवारी चालायला घेऊन जाते, त्यामुळे नव्या माणसाचं कुठे अडतं ते चांगलं माहितीये. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी मुख्य गोष्ट सांगते. लंडनला आलेल्या पोरांचं लंडन स्टेशनांपुरतं असतं. रूमजवळचं स्टेशन, कॉलेजजवळचं स्टेशन, इंडियन ग्रोसरीचं स्टेशन, आणि मधलं सगळं काळोखातलं बोगद्याचं. वर्ष संपतं, डिग्री मिळते, आणि हे तुकडे एकमेकांना जोडलेलेच नसतात. पायी फिरायचं ते हे तुकडे जोडायला. बिग बेन, टॉवर ब्रिज वगैरे वाटेत आपोआप होतंच, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

माझंच सांगते. कॉलेज ऑल्डविचजवळ, खोली कॅम्डनला. अख्खे चार महिने मी कॅम्डन टाउनला खाली उतरायचे, टॉटनहॅम कोर्ट रोडला लाइन बदलायचे, हॉबर्नला वर यायचे. एकदा संध्याकाळी स्टेशनात शिरायलाच इतकी गर्दी होती की म्हटलं जाऊ दे, चालतच जाऊ, फार तर उशीर होईल. किंग्सवेवरून सरळ वर, साउदॅम्प्टन रो, रसेल स्क्वेअर, मग टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला बागेच्या मधोमध मांडी घालून बसलेले गांधीजी दिसले आणि मी थांबलेच, चार महिने यांच्यापासून पंधरा-वीस मिनिटांवर शिकत होते आणि पत्ता नाही. पुढे युस्टन रोड ओलांडला तर स्टेशनच्या शेजारच्या ड्रमंड स्ट्रीटवर मिठाईची आणि भेळपुरीची दुकानं, आणि घरी पोचले तेव्हा घड्याळात जेमतेम पंचावन्न मिनिटं झालेली. ट्यूबने, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेने, दारापासून दारापर्यंत पस्तीस लागायची. वीस मिनिटांच्या फरकासाठी मी एवढं सगळं सोडून देत होते हे त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून परतीचा प्रवास पायीच.

यात दोष ट्यूबच्या मॅपचा पण आहे, म्हणजे मॅप अप्रतिम आहे पण तो जमिनीचा नकाशाच नाही. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने तो १९३१ साली आखला, १९३३ ला छापला गेला, आणि त्याने मुद्दामच अंतरं सोडून दिली, मधला भाग फुगवला, लांबची स्टेशनं जवळ ओढली, रेषा सरळ केल्या, कारण जमिनीखालून जाणाऱ्याला अंतर नाही तर कुठे बदलायचं ते हवं असतं. वर आलेल्या माणसाला मात्र तो फसवतो. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन मॅपवर एक आख्खं स्टेशन आहे, प्रत्यक्षात पाव किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सरकत्या जिन्यावर आणि प्लॅटफॉर्मवर जाणारा वेळ धरला तर चालतच लवकर पोचशील. ट्यूब चालवणाऱ्यांनीच स्टेशन ते स्टेशन चालायला किती मिनिटं लागतात याचा वेगळा मॅप काढलाय, फुकट मिळतो, यायच्या आधीच फोनमध्ये डाउनलोड करून ठेव.

आता पद्धत. मी पोरांना जी शिकवते ती मी शोधलेली नाही, इथल्या काळ्या टॅक्सीवाल्यांची आहे. त्यांना लायसन्ससाठी एक परीक्षा द्यावी लागते, तिला नुसतं नॉलेज म्हणतात. शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले साधारण २५,००० रस्ते आणि त्यावरची महत्त्वाची ठिकाणं तोंडपाठ, मॅप न बघता तोंडी रस्ता सांगायचा, आणि हे व्हायला लोकांना तीन-चार वर्षं सहज लागतात. त्यांच्या अभ्यासाच्या पुस्तकात ३२० रन्स असतात, रन म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचा रस्ता, पहिला आहे मॅनर हाउस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर. पण गंमत अशी की नुसता रस्ता पाठ करून चालत नाही, सुरुवातीच्या ठिकाणाभोवतीचा पाव मैल आणि शेवटच्या ठिकाणाभोवतीचा पाव मैल पण पिंजून काढायचा. म्हणजे आकार होतो व्यायामाच्या डंबेलसारखा, दोन टोकांना दोन गोळे आणि मधे दांडा. असे शेकडो डंबेल एकमेकांवर पडले की शहर झाकलं जातं. तुझ्या कॉलेजच्या परिसरातच, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये, २००० साली या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचा प्रसिद्ध अभ्यास झाला, त्यात दिसलं की जागा-रस्ते लक्षात ठेवायला लागणारा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा असतो. म्हणजे ही पद्धत डोक्यात खरंच काहीतरी घडवते.

आपल्याला टॅक्सी चालवायची नाही, पण पद्धत तीच घे. आठवड्याला एक डंबेल बस झाला. एक टोक तुझं नेहमीचं, कॉलेज समज, दुसरं टोक नवीन. जाताना मॅप बघून जा. पोचलीस की त्या जागेभोवती अर्धा तास फोन बॅगेत ठेवून नुसती गोल गोल फीर, मागच्या गल्लीत शीर, मंडई असेल तर मंडईतून जा, शाळा कुठे, चर्च कुठे, लाँड्री कुठे ते बघ. आणि रात्री झोपताना तो रस्ता मनात म्हण, इथून डावीकडे, मग दुसरा उजवा, मग पूल. टॅक्सीवाले पण असंच करतात, जोडीने बसून एकमेकांना रस्ते म्हणून दाखवतात. हे शेवटचं म्हणण्याचं काम बहुतेक जण टाळतात आणि नेमकं तेच महत्त्वाचं आहे, ज्यांनी केलं त्यांना सहा महिन्यांनी शहर येतं, ज्यांनी नाही केलं त्यांच्याकडे फोटो असतात.

रस्त्यावर वाचायला खूप काही आहे. ठिकठिकाणी उंच गडद निळे-काळे खांब दिसतील, वर पिवळा पट्टा, त्यावर मॅप. त्या मॅपवर दोन वर्तुळं असतात, पाच मिनिटं चाललं तर कुठवर आणि पंधरा मिनिटं चाललं तर कुठवर. नवीन माणूस इथे हमखास चुकतो, कारण आपल्याला सवय उत्तर दिशा वर असण्याची, आणि या खांबावर तू ज्या दिशेला तोंड करून उभी आहेस ती दिशा वर असते. एकदा डोक्यात बसलं की फार सोपं. रस्त्याच्या पाटीवर नावासोबत पोस्टकोडची अक्षरं असतात, डब्ल्यूसी, एन, एसई वगैरे, त्यावरून शहराचा कुठला भाग ते कळतं, पण पुढच्या आकड्यावरून अंतर काढू नकोस. १९१७ ला हे आकडे दिले गेले ते बहुतेक करून त्या भागाच्या नावाच्या आद्याक्षरावरून. ई२ बेथनल ग्रीन, ई३ बो, आणि ई४ लगेच चिंगफर्ड, जे पार शहराच्या टोकाला आहे, कारण बी नंतर सी. एका मुलीने ई४ म्हणजे जवळच असेल समजून रूम घेतली होती, दोन महिन्यांत सोडली बिचारीने.

नदीचं पण नीट समजून घे, थेम्स सरळ पूर्वेला वाहते असं आपण धरून चालतो, पण व्हॉक्सहॉल ते वॉटर्लूच्या पट्ट्यात ती चक्क दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते आणि मग उजवीकडे वळते, म्हणून पार्लमेंटच्या समोरचा काठ साउथ बँक म्हणवत असला तरी तिथे तो खरं तर पूर्वेला आहे. हे एक कळलं की अर्धा गोंधळ संपतो. ते वळण बघायचं तर वॉटर्लू ब्रिजच्या मधोमध उभी राहा, एका बाजूला वेस्टमिन्स्टर, दुसऱ्या बाजूला सेंट पॉल्सचा घुमट, शहराचे दोन्ही जुने भाग एका जागेवरून. हा पूल दुसऱ्या महायुद्धात बांधला गेला, त्यावर मोठ्या संख्येने बायकांनी काम केलं म्हणून त्याला लेडीज ब्रिज पण म्हणतात. मी आजही मन लागत नसेल तेव्हा तिथेच जाते. नदीला भरती-ओहोटी आहे हे पण अनेकांना माहीत नसतं, लंडन ब्रिजपाशी पाणी सात मीटरपर्यंत वरखाली होतं, ओहोटीला खाली किनारा उघडा पडतो, तंबाखू ओढायच्या जुन्या मातीच्या पाइपांचे तुकडे, खापऱ्या दिसतात. बघायचं, पण उचलायचं नाही, त्याला परमिट लागतं.

दुसरी एक नदी आहे जी दिसत नाही आणि तीच माझी सगळ्यात आवडती वाट. फ्लीट नदी हॅम्पस्टेडच्या टेकडीवर उगम पावते आणि कॅम्डन, किंग्स क्रॉस, क्लर्कनवेल असं करत ब्लॅकफ्रायर्सला थेम्सला मिळते, फक्त आता सगळी जमिनीखाली, गटारात. पण जमिनीने आकार सोडलेला नाही. फॅरिंग्डन रोडवर उभी राहिलीस की दोन्हीकडचे रस्ते तुझ्याकडे उतरत येताना दिसतील, ते नदीचं खोरं आहे, आणि १८६९ ला उघडलेला हॉबर्न व्हायाडक्ट हा पूल त्या खोऱ्यावरून जातो, खाली पाणी नाही, रस्ता आहे. क्लर्कनवेलच्या रे स्ट्रीटवर एका पबसमोर रस्त्यात लोखंडी जाळी आहे, ट्रॅफिक थांबलेलं असताना वाकून कान दे, खालून पाणी वाहताना ऐकू येतं. गोदाकाठची तू, तुला ते ऐकून काय वाटेल ते मला नक्की कळव.

आणखी एक खजिना, फुकट. चार्ल्स बूथ नावाच्या माणसाने १८८६ पासून पुढची सतरा वर्षं लंडनच्या गरिबीचा अभ्यास केला आणि रस्त्यागणिक रंगवलेले नकाशे काढले. पिवळा म्हणजे श्रीमंत, मग लाल, गुलाबी, जांभळा, निळे दोन, आणि काळा म्हणजे सगळ्यात हलाखीचे. त्याची माणसं बीटवरच्या पोलिसासोबत गल्ली-गल्ली चालायची आणि वहीत नोंदी करायची. हे नकाशे आणि वह्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या लायब्ररीने ऑनलाइन ठेवल्यात. मोबाइलवर तो नकाशा उघडायचा, त्याच गल्लीत उभं राहायचं, आणि बघायचं की तेव्हा काळा होता तो रस्ता आज कसा आहे. स्पिटलफील्ड्स, ब्रिक लेनला हे करच. तिथेच ब्रिक लेन आणि फोर्निये स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक इमारत आहे, १७४३ ला फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट लोकांचं चर्च म्हणून बांधली, मग मेथडिस्ट चॅपल, मग १८९८ ला सिनेगॉग, आणि १९७६ पासून बांगलादेशी लोकांची मशीद. भिंती त्याच. बाहेरून आलेल्या माणसांचं हे शहर कसं होत जातं ते समजायला दुसरं काही वाचायला नको.

आता आपली वाट, जी मी दर वर्षी एकदा करतेच. सुरुवात मेडा व्हेलला हाउली प्लेसच्या १० नंबरच्या घरापासून, लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी आले होते तेव्हा इथे राहिले, भिंतीवर निळी पाटी आहे. तिथून पाच-दहा मिनिटांवर लिटल व्हेनिस, तिथे रीजंट्स कॅनॉलचा काठ धरायचा. थोडं पुढे कालवा बोगद्यात शिरतो आणि काठावरची वाट तुटते, घाबरू नकोस, वरच्या रस्त्याने सरळ गेलीस की पुन्हा काठ सापडतो. प्राणिसंग्रहालयाच्या पोटातून जाऊन प्रिमरोझ हिलला वर चढायचं, अख्खं शहर खाली दिसतं. पलीकडे उतरलं की किंग हेन्रीज रोड, १० नंबर, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना इथे राहिले, महाराष्ट्र सरकारने २०१५ ला ते घर विकत घेतलं, आत स्मारक आहे, वेळा बघून जा. बाबासाहेब ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रंथालयात तासन्‌तास वाचत बसायचे. या घरापासून म्युझियमपर्यंत एकदा चालून बघ, रीजंट्स पार्कमधून तासाभराचं अंतर आहे, मी पहिल्यांदा चालले तेव्हा सगळ्या वाटेत एक शब्द बोलावासा वाटला नाही. मोठी वाट पुढे न्यायची असेल तर हॅम्पस्टेड हीथवरून पार्लमेंट हिल, तिथून हायगेट, आणि क्रॉमवेल अव्हेन्यूवरचं ६५ नंबरचं घर, म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाउस, जिथे १९०६ नंतर सावरकर राहिले. हे आणि टिळकांचं अशी दोन्ही खाजगी घरं आहेत, बाहेरूनच बघायची, बेल वाजवायची नाही. सगळं मिळून दहा-अकरा किलोमीटर, डबा खात निवांत चाललं तर पाच तास. एरवी कुठेही निळी गोल पाटी दिसली की थांबून वाच, १८६७ पासून लावतायत, हजाराच्या वर झाल्यात.

एकटीने फिरायचं विचारलंस. दिवसा बिनधास्त. अंधार पडल्यावर माझा एकच नियम, ज्या रस्त्यावरून बस जाते त्याच रस्त्याने चालायचं. बसच्या रस्त्यावर दिवे असतात, दुकानं असतात, माणसं असतात, आणि कंटाळा आला किंवा कुणी मागे येतंय असं वाटलं तर सरळ पुढच्या बसमध्ये चढता येतं. कालव्याचा काठ आणि बागा अंधारात नाही म्हणजे नाही, कितीही जवळचा रस्ता असो. चोरी होते ती मोबाइलची, सायकलवरून येतात आणि हातातून उचलून नेतात. माझ्या सोबतच्या एका मुलाचा रस्त्याच्या कडेला मॅप बघताना गेला, दोन सेकंदांत. मॅप बघायचा तर दुकानाच्या भिंतीला पाठ लावून बघ, फुटपाथच्या कडेला कधीच नाही.

पैशाचं म्हणशील तर जाताना चाल, येताना बस. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी एकच भाडं लागतं. कॅश चालत नाही. वरच्या मजल्यावर अगदी पुढे बस, आत्ताच चाललेला रस्ता उलटा दिसतो आणि पक्का होतो. टॉयलेटला ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न ही मोठी म्युझियम्स, आत जायला फुकट, आणि मोठी रेल्वे स्टेशनं.

पाऊस. लंडन पावसाचं म्हणून लोक घाबरवतात, पण इथे वर्षभरात पडतो साधारण ६०० मिलिमीटर, मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. फरक एवढाच की इथे तो वर्षभर थोडा थोडा झिमझिमत राहतो. छत्री वाऱ्याने उलटते, टोपीवालं रेनजॅकेट घे. शूज भारतात घे आणि निघायच्या आधी महिनाभर रोज घालून फीर, पहिल्याच आठवड्यात कोरे शूज घालून आठ किलोमीटर चालून माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते, पंधरा दिवस घरी.

आणि एक मनापासून सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळ एक तास मागे जातं, डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात पोरं खोलीत बसून राहतात, घरी फोन करून रडतात, मी पण रडलेय. तेव्हा दुपारी बारा ते दोन हा वेळ बाहेर चालण्यासाठी राखून ठेव, क्लास नसेल त्या दिवशी तर नक्कीच, ऊन नसलं तरी उजेड अंगावर घे. दुपारच्या त्या दोन तासांनी मला त्या वर्षी सावरलं.

तुझी सुरुवात कुठून? तुझ्या रूमपासून कॉलेजपर्यंतच. एक शनिवार सकाळी नऊला स्ट्रॅटफर्डहून निघ, ऑलिम्पिक पार्क ओलांड, हर्टफर्ड युनियन कालव्याच्या काठाने व्हिक्टोरिया पार्क, तिथे रीजंट्स कॅनॉल लागतो, तो धरून एंजलपर्यंत. तिथे पुन्हा बोगदा आहे, वर चढून चॅपल मार्केटच्या मंडईतून जायचं, जमिनीत वाट दाखवणाऱ्या खुणा बसवल्यात, पलीकडे काठ परत सापडतो आणि तू किंग्स क्रॉसला बाहेर येतेस. तिथून ब्लूम्सबरी पंधरा मिनिटं. दहा-अकरा किलोमीटर होतील, वाटेत दोनदा बसून घे, तीनदा खा. घड्याळ मागे जायच्या आत हे कर, नंतर पाच वाजायच्या आधीच कालव्यावर अंधार पडतो.